पिस्तूल, स्वसंरक्षणार्थ

पिस्तूल, स्वसंरक्षणार्थ : एका हाताने धरून झाडता येणाऱ्या आखूड नळीच्या अग्निशस्त्रास सामान्यतः पिस्तूल म्हणतात. ज्या पिस्तुलात चाप एकदा ओढला असता एकच गोळी सुटते आणि त्या स्फोटाच्या ऊर्जेनेच रिकामे टरफल बाहेर फेकले जाऊन पुढील काडतूस आपोआप नळीत भरले जाते, त्यास अर्धस्वयंचलित पिस्तूल ही संज्ञा आहे. बोलण्यात त्यालाच ‘ऑटोमॅटिक’ म्हणण्याची रूढी असली, तरी ती बरोबर नाही. चाप दाबून धरताच पेटीतील काडतुसे संपेपर्यंत गोळ्या सुटत राहतात ते पूर्ण स्वयंचलित शस्त्र होय आणि भारतीय शस्त्र अधिनियमाने (१९५९) ते प्रतिबंधित ठरविले आहे. नागरिकाने स्वसंरक्षणासाठी अर्धस्वयंचलित पिस्तुलाची निवड करताना कोणत्या गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात, याचे विवेचन प्रस्तुत नोंदीत केले आहे. भारतात ही निवड यंत्ररचनेच्या आधी कायद्याने आणि स्थानिक परिस्थितीने ठरते. या दृष्टीने विदर्भातील बुलढाणा जिल्हा उदाहरणादाखल घेण्यासारखा आहे; कारण डोंगर, अभयारण्य, कापसाची बाजारपेठ आणि मध्य प्रदेशाची सीमा ही सर्व या एका जिल्ह्यात एकत्र आढळतात.

इतिहास : ह्यूगो बोर्चार्ट याचे १८९३ चे पिस्तूल व माउझर कारखान्याचे १८९६ चे पिस्तूल ही या प्रकारातील आरंभीची यशस्वी शस्त्रे होत. ती अवजड होती. खिशात मावेल असे सुटसुटीत पिस्तूल जॉन मोझेस ब्राउनिंग या अमेरिकन संशोधकाने सिद्ध केले व बेल्जियममधील कारखान्याने ते १९०० च्या सुमारास बाजारात आणले. त्यासाठी योजलेले ७·६५ मिमी. म्हणजेच ०·३२ इंची काडतूस आजही भारतातील नागरी पिस्तुलांचे प्रमुख काडतूस आहे. महाराष्ट्राला ब्राउनिंग पिस्तुलाची ओळख झाली ती क्रांतिकारकांमुळे. वि. दा. सावरकर यांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर पाठविलेल्या वीस ब्राउनिंग पिस्तुलांपैकी एकाने २१ डिसेंबर १९०९ रोजी नासिक येथे अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन याचा वध केला. १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्यास मनाई केली होती, युरोपियनांना मात्र सूट होती. त्यामुळे शस्त्र बाळगण्याचा हक्क हा राष्ट्रीय चळवळीतील एक तक्रारीचा विषय झाला होता. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा अधिनियम आला (अंमल १ ऑक्टोबर १९६२ पासून). त्याने वंशभेद काढून टाकला, परवान्याचे बंधन मात्र कायम ठेवले.

रचना व कार्य : मूठ, नळी, नळीवरून मागेपुढे सरकणारी स्लाइड, मुठीत बसणारी काडतूसपेटी म्हणजे मॅगझीन आणि चाप ही या पिस्तुलाची मुख्य अंगे होत. स्लाइड हाताने मागे ओढून सोडली की स्प्रिंगच्या जोराने ती पुढे येते आणि येताना पेटीतील सर्वांत वरचे काडतूस नळीच्या मागील कक्षात ढकलते. चाप ओढल्यावर गोळी पुढे जाते व टरफलाच्या बुडावर पडणाऱ्या दाबाने स्लाइड मागे ढकलली जाते. ०·३२ इंची पिस्तुलांत नळी व स्लाइड एकमेकींत अडकविलेल्या नसतात. स्लाइडचे वजन आणि स्प्रिंगचा ताण एवढ्यावरच स्फोटाचा दाब पेलला जातो. रचना त्यामुळे सोपी व स्वस्त होते. तथापि स्प्रिंग ताठ ठेवावी लागत असल्याने स्लाइड ओढण्यास मनगटात चांगलाच जोर लागतो. वृद्ध व्यक्तीने किंवा संधिवाताने हात धरलेल्याने दुकानात पिस्तूल हाती घेतल्यावर सर्वप्रथम हेच पाहावे. ज्याची स्लाइड ओढता येत नाही, ते पिस्तूल इतर सर्व दृष्टींनी उत्तम असले तरी त्याच्या उपयोगाचे नाही.

या रचनेतून एक धोका उद्भवतो व तो फार महत्त्वाचा आहे. काडतूसपेटी बाहेर काढली म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात कक्षात गेलेले काडतूस तेथेच राहते व अनेक पिस्तुलांत पेटी काढलेली असतानाही चाप ओढल्यास ते उडते. साफसफाई करताना होणाऱ्या अपघातांचे हे एक नेहमीचे कारण होय. पिस्तूल रिकामे करण्याचा क्रम असा : प्रथम नळी निर्धोक दिशेस धरावी, मग पेटी काढावी, त्यानंतर स्लाइड मागे ओढून कक्षातील काडतूस बाहेर पाडावे आणि शेवटी कक्ष डोळ्यांनी व बोटाने तपासावा. क्रम उलटा केल्यास, म्हणजे पेटी आत असतानाच स्लाइड ओढल्यास, एक काडतूस बाहेर पडते व दुसरे लगेच कक्षात जाऊन बसते.

रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसे फिरत्या चक्रात असतात आणि चक्र बाजूला काढताच ती सर्व एकदम दिसतात. एखादे काडतूस उडाले नाही, तर पुन्हा चाप ओढावा. पुढचे काडतूस समोर येते. अर्धस्वयंचलित पिस्तुलात मात्र न उडालेले काडतूस स्लाइड ओढून हाताने काढून टाकावे लागते आणि भीतीने हात कापत असता हे सुचण्यास सराव लागतो. पिस्तूल चपटे असल्याने कपड्यांखाली सहज राहते, त्यात साधारणतः आठ काडतुसे मावतात व ते भरण्यास वेळ लागत नाही. वर्षातून एकदाच शस्त्र हाती घेणाऱ्या माणसाने रिव्हॉल्व्हर घ्यावे व नियमित सराव करणाऱ्याने पिस्तूल, हा जुन्या जाणकारांचा सल्ला आजही रास्त आहे.

कायद्याने आखलेली मर्यादा : परदेशी नियतकालिकांत पिस्तुलाच्या निवडीची चर्चा बहुधा ९ मिमी. व ०·४५ इंची काडतुसांभोवती फिरते. भारतीय नागरिकाला ती निरुपयोगी आहे. सेनादलात वापरले जाणारे ९ मिमी. आणि ०·४५ इंची काडतूस ज्यात बसते ते पिस्तूल नियमांनुसार प्रतिबंधित वर्गात मोडते. ईशापूर येथे सैन्यासाठी बनणारे ९ मिमी. पिस्तूल म्हणूनच नागरिकास मिळत नाही. उरतात ती मुख्यतः ०·३२ इंची व ०·२२ इंची पिस्तुले. १९८० च्या दशकात परदेशी शस्त्रांच्या आयातीवर कडक निर्बंध आल्यापासून पूर्वी आलेली वॉल्थर, वेब्ली यांसारखी जुनी पिस्तुले हस्तांतरणानेच मिळतात व त्यांना भरमसाट किंमत पडते. देशी शस्त्रांत ईशापूरच्या रायफल कारखान्याचे ०·३२ इंची ‘अशनी’ पिस्तूल आणि कानपूर येथील ०·३२ इंची रिव्हॉल्व्हर ही परिचित आहेत. कानपूरच्याच फील्ड गन कारखान्याने २०१४ मध्ये सु. ५०० ग्रॅम वजनाचे ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर स्त्रियांसाठी म्हणून विक्रीस आणले. त्याची सव्वा लाखाच्या आसपासची किंमत पाहता ते कोणत्या स्त्रियांसाठी होते, हा प्रश्न त्या वेळीच विचारला गेला होता. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुधनिर्माणी मंडळ विसर्जित होऊन हे कारखाने सरकारी कंपन्यांकडे गेले. अलीकडे खाजगी कारखान्यांनाही शस्त्रनिर्मितीचे परवाने मिळू लागले आहेत.

परवाना जिल्हादंडाधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी देतात व त्यापूर्वी पोलिसांचा अहवाल मागवितात. अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण असावे लागते. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी आवश्यक आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आली व परवान्याची मुदत तीन वर्षांऐवजी पाच वर्षे झाली. अर्ज नाकारल्यास विभागीय आयुक्तांकडे अपील करता येते. बुलढाण्याच्या बाबतीत ते अमरावती येथे असतात. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, ही अधिनियमातील तरतूद फारशी कोणास ठाऊक नसते.

अधिनियमाच्या तेराव्या कलमात शस्त्रांचा एक सूक्ष्म भेद केलेला आहे. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान वीस इंच (सु. ५१ सेंमी.) लांबीच्या गुळगुळीत नळीची बंदूक, अथवा पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्यास, अन्य अडचण नसल्यास, परवाना द्यावयाचा असतो. पिस्तुलाच्या बाबतीत मात्र मागणीस सबळ कारण आहे अशी अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. लांब बंदूक लपविता येत नाही, पिस्तूल लपविता येते, हे या भेदामागील उघड कारण होय.

बुलढाणा जिल्ह्यातील परिस्थिती : जिल्ह्याचे ‘घाटावरील’ व ‘घाटाखालील’ असे दोन भाग लोकव्यवहारात मानले जातात. अजिंठ्याच्या डोंगररांगांवरील बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार इ. तालुके घाटावर, तर पूर्णा नदीच्या खोऱ्यातील मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव इ. तालुके घाटाखाली येतात. संरक्षणाच्या गरजा या दोहोंत सारख्या नाहीत. डोंगराळ भागातील शेतकऱ्याला रानडुकरे व रोही यांच्यामुळे रात्रीची जागल करावी लागते. ज्ञानगंगा अभयारण्याच्या (सु. २०५ चौ. किमी.) परिसरात अस्वले व बिबटे आहेत, २०१९ मध्ये टिपेश्वरहून निघालेला एक वाघ शेकडो किमी.ची भटकंती करून तेथे पोचला होता. उत्तरेस संग्रामपूर तालुक्यातील अंबाबरवा अभयारण्य मेळघाटाच्या जंगलाशी जोडलेले आहे. अस्वलाशी अचानक गाठ पडणे हा या गावांतील शेतकऱ्यांचा व मोहफुले, तेंदूपाने वेचणाऱ्यांचा खराखुरा धोका होय.

या धोक्यावर पिस्तूल हा उपाय नाही. ०·३२ इंची गोळीचे वजन सु. ४·६ ग्रॅम व वेग सेकंदास सु. २९० मी. असतो, म्हणजे तिची ऊर्जा २०० जूलच्या आतच राहते. प्रतिबंधित ९ मिमी. गोळीची ऊर्जा याच्या दुपटीहून अधिक असते. शंभर किग्रॅ.च्या आसपास वजनाचे, दाट केसांचे व जाड कातडीचे अस्वल अंगावर धावून येत असता अशी गोळी त्याला जागच्या जागी थोपवील याचा मुळीच भरवसा नसतो. जखमी झालेले अस्वल मात्र अधिक घातक ठरते. वन्यजीव संरक्षण अधिनियमाने (१९७२) स्वतःचा जीव वाचविण्यासाठी सद्‌हेतूने केलेली हत्या गुन्हा मानलेली नाही. पिकाच्या नासाडीसाठी वन्य प्राणी मारण्यास मात्र वन खात्याची परवानगी लागते. शेतकऱ्याच्या दृष्टीने घोळक्याने जाणे, विजेरी, आवाज व कुंपण यांचे मोल पिस्तुलापेक्षा अधिक आहे आणि शस्त्रच हवे असेल, तर कायद्यानेही सुलभ ठेवलेली लांब नळीची बंदूक हेच त्याचे शस्त्र होय.

पिस्तुलाची मागणी घाटाखालून व बाजारपेठांतून अधिक समजण्यासारखी आहे. खामगाव हे कापसाच्या व चांदीच्या व्यापाराचे जुने केंद्र आहे. हंगामात रोख रकमेची ने-आण करणारा व्यापारी, दागिने घेऊन प्रवास करणारा सराफ, आडवळणावरील पेट्रोलपंपाचा मालक यांना माणसाकडूनच धोका असतो. असा हल्ला काही पावलांच्या अंतरावरून व काही क्षणांत होतो. लांब बंदूक मोटारीत किंवा गल्ल्यावर उपयोगाची नसते. परवाना मागताना ‘सबळ कारण’ म्हणून हीच परिस्थिती मांडावी लागते. बँकेमार्फत होणारे व्यवहार वाढले, तसे हे कारणही पूर्वीइतके सबळ राहिलेले नाही, हे मान्य केले पाहिजे.

निवडीचे निकष : पहिला निकष हाताचा. मूठ धरली असता तर्जनीचे पहिले पेर चापावर नीट पडले पाहिजे. त्यासाठी पकड फिरवावी लागत असेल, तर नेम बाजूला जातो. दुसरा वजनाचा. हलके पिस्तूल बाळगण्यास सोयीचे, पण झाडताना हाताला अधिक धक्का देते व नेम बिघडविते. जड पिस्तूल स्थिर राहते, पण कंबरेला टोचते म्हणून कपाटातच पडून राहते. चापाच्या ताणाचाही विचार करावा. घोडा अगोदर मागे ओढलेला असल्यास चाप हलका लागतो व नेम अचूक साधतो, परंतु घाबरलेल्या बोटाकडून अनवधानाने गोळी सुटण्याचा धोका वाढतो. ज्या पिस्तुलांत चापच घोड्याला मागे नेऊन सोडतो, त्यांत पहिल्या गोळीस जोर अधिक लागतो. घरगुती उपयोगास हा जोर दोष नसून गुणच आहे. सुरक्षा खटका अंगठ्याने, न पाहता, खालीवर करता येतो की नाही हे अंधाऱ्या खोलीत रिकाम्या पिस्तुलावर करून पाहावे.

विश्वसनीयता हा सर्वांत महत्त्वाचा, पण दुकानात न कळणारा निकष होय. ०·३२ इंची काडतुसाच्या बुडाला किंचित बाहेर आलेली कड असते. पेटी भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे गेली, तर दोन्ही एकमेकांत अडकतात व पिस्तूल ऐन वेळी बंद पडते. म्हणून पेटी सावकाश, प्रत्येक काडतूस मागे रेटून भरावी लागते. कित्येकदा दोष पिस्तुलाचा नसून पेटीच्या वाकलेल्या ओठांचा किंवा थकलेल्या स्प्रिंगचा असतो. घाटाखालील उन्हाळ्यात तापमान ४०° से.च्या वर जाते, काळ्या मातीची बारीक धूळ सर्वत्र शिरते आणि अंगाला लावलेल्या पिस्तुलावर घामाने गंज चढतो. अशा हवेत जास्त तेल घातल्यास धुळीचा चिखल होतो. पातळ थर पुरेसा असतो. पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात पिस्तूल ठेवू नये, चामडे ओल धरते.

काडतुसे पुण्याजवळील खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून (स्थापना १८६९) येतात. परवान्यावर एका वेळी बाळगावयाच्या व वर्षभरात घ्यावयाच्या काडतुसांची संख्या लिहिलेली असते. सरावाची खरी अडचण येथे आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी नागरिकांना सहज उपलब्ध होईल असे नेमबाजीचे मैदान क्वचितच असते; शेतात सराव करणे धोक्याचे व परवान्याच्या शर्तींचा भंग करणारे ठरते, कारण पिस्तुलाची गोळी नेम चुकल्यावरही कित्येकशे मीटर जाते. परिणामी वर्षानुवर्षे एकही गोळी न झाडलेली पिस्तुले घरोघरी आढळतात. अशा पिस्तुलाच्या मालकाला ते चालते की नाही हे ठाऊक नसते आणि आपल्याला ते चालविता येते की नाही हेही ठाऊक नसते.

गावठी पिस्तुले : सातपुड्याच्या पलीकडे मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्ह्यातील पाचोरी व बडवानी जिल्ह्यातील उमर्टी ही गावे बेकायदा पिस्तुलांसाठी कुप्रसिद्ध आहेत. शस्त्रांना धार लावणे व शस्त्रे घडविणे हा परंपरागत व्यवसाय असलेल्या काही कुटुंबांच्या कसबाला कायदेशीर वाट न मिळाल्याने त्याचे हे रूपांतर झाले. जळगाव जामोद व संग्रामपूर हे तालुके या सीमेला लागून असल्याने घाटवाटांनी अशी शस्त्रे जिल्ह्यात येतात. परवानाधारक पिस्तुलाच्या किमतीच्या अल्पांशाने ती मिळतात, हेच त्यांचे आकर्षण. वरून ती परदेशी पिस्तुलांसारखी हुबेहूब दिसतात, ‘मेड इन यू. एस. ए.’ अशी अक्षरेही कोरलेली असतात. परंतु पोलादाची प्रत व नळीची परीक्षा यांची काहीच शाश्वती नसते. नळी फुटून बोटे गमावण्याचा आणि पिस्तूल नुसते पडताच उडण्याचा धोका त्यांत असतो. विनापरवाना शस्त्र बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार किमान दोन व कमाल पाच वर्षे कारावासाची शिक्षा आहे. प्रतिबंधित बोअरचे शस्त्र असल्यास ती सात ते चौदा वर्षे होते. संरक्षणासाठी असे पिस्तूल घेणारा माणूस खरोखर हल्ला झाला असता ते वापरल्यावर पोलिसांसमोर जाऊ शकत नाही.

वापराचा हक्क : परवाना हा बाळगण्याचा असतो, झाडण्याचा नव्हे. गोळी कधी झाडावी हे खाजगी बचावाच्या हक्काने ठरते. भारतीय दंड संहितेच्या कलमे ९६ ते १०६ मधील ही तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलमे ३४ ते ४४ मध्ये आहे. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची, बलात्काराची अथवा अपहरणाची वाजवी भीती असता हा हक्क हल्लेखोराचा प्राण घेण्यापर्यंत जातो. मालमत्तेच्या बाबतीत दरोडा, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी होणारी घरफोडी, राहत्या घरास लावलेली आग इ. प्रसंगीच. बचावासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करता येत नाही. चोर पाठ फिरवून पळू लागला, की जिवावरचा धोका संपतो आणि त्याबरोबर त्याच्यावर गोळी झाडण्याचा हक्कही. वरातीत हवेत गोळ्या झाडणे हा तर २०१९ पासून स्वतंत्र अपराध असून त्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

परवान्याच्या शर्तींनुसार यात्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक मेळावा व शिक्षणसंस्थेचे आवार येथे विशेष अनुज्ञेविना शस्त्र नेता येत नाही. शेगावसारख्या क्षेत्री उत्सवाच्या दिवसांत पिस्तूल लावून जाणारा व्यापारी नकळत परवाना धोक्यात घालतो. निवडणुकीच्या काळात छाननी समितीच्या निर्णयानुसार शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावे लागते व तेथे ते काही आठवडे राहते. संरक्षणाची दुसरी काही तजवीज नसलेल्याची तेव्हा पंचाईत होते.

घरातील जतन : पिस्तूल व काडतुसे वेगवेगळ्या ठिकाणी कुलुपात ठेवावी, असा सर्वसाधारण दंडक आहे. मग रात्री दारावर थाप पडली असता ते वेळेवर हाती कसे यावे, ही रास्त शंका आहे. हाताशी भरलेले पिस्तूल आणि मुलांपासून सुरक्षित पिस्तूल या दोन्ही गोष्टी एकाच वेळी पुरतेपणी साधत नाहीत, हे निवडीपूर्वीच समजून घ्यावे. उशाखाली भरलेले पिस्तूल ठेवण्याची सवय मात्र सर्वथा त्याज्य होय. घरात अग्निशस्त्र असणे व आत्महत्येने होणारे मृत्यू यांचा निकट संबंध अमेरिकेतील अभ्यासांतून दिसून आला आहे. पश्चिम विदर्भातील शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या जिल्ह्यांत बुलढाण्याची गणना होत असल्याने येथे ही बाब दुर्लक्षिण्यासारखी नाही. नापिकी, कर्ज, आजार किंवा गृहकलह यांच्या काळात कुटुंबीयांनी पिस्तूल परवानाधारक विक्रेत्याकडे वा पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आग्रह धरावा. पुढे ते परत घेता येते.

परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसांना पिस्तूल घरात ठेवता येत नाही. ते तत्काळ जमा करून वारसापैकी एकाने आपल्या नावे परवान्यासाठी अर्ज करावयाचा असतो. धारकाचे वय ७० झाल्यावर किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगून झाल्यावर त्याच्या हयातीतही वारसाच्या नावे ते करून देता येते. जुनी परदेशी पिस्तुले अनेक घरांत अशा रीतीनेच पुढील पिढीकडे आली आहेत. त्यांचे सुटे भाग मिळत नाहीत व कित्येकांच्या स्प्रिंगा मूळच्याच असतात; वारसाने प्रथम परवानाधारक कारागिराकडून तपासणी करून घ्यावी आणि तोवर त्यात काडतूस भरू नये.